रक्त पातळ करायची गोळी

माय, तुझा सगळ्यात जास्त संशय माझ्यावरच होता. पिशवीचं ऑपरेशन होऊन तू दिग्रसला घरी आलीस, त्याला पंधरवडाही झाला नव्हता. चुलीपुढं भाकर थापता थापता तू एकदम छाती धरून भिंतीला टेकलीस. श्वास घेता येईना, ओठ काळेनिळे पडलेले. शेजाऱ्यांच्या जीपमधून तुला यवतमाळला नेलं. पायात रक्ताची गाठ झाली होती, ती सरकत जाऊन फुप्फुसात अडकली, असं डॉक्टरांनी सांगितलं. तू वाचलीस. पण आता रक्त पातळ करायची गोळी रोज घ्यायची आणि रक्त तपासायला येत राहायचं.

ती कापसाची वाईट वर्षं, कर्जापायी शेतकरी फवारणीचं औषध पिऊन जीव देत होते. कुणी औषध घेतलं म्हटलं की ऐकणारा आधी घाबरून विचारायचा, कोणतं? त्यात गल्लीतल्या एका बाईनं तुझ्या कानात घातलं की उंदराच्या दवाईत हेच असतं. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, जात तीच, पण मात्रा अगदी थोडी. म्हणून तर तपासणी. मी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं, तर तू म्हणालीस, "म्हंजे खरंच हाय! पयले तू खाय."

मी खाल्ली. डॉक्टरांना कळलं असतं तर मला चांगलंच झापलं असतं. दिवसभर तुझी नजर माझ्यावर. मी जरा आडवी झाले की हलवून उठवतेस, जीभ दाखव म्हणतेस. संध्याकाळी स्वतः चहा करून मला दिलास आणि मग तुझी गोळी घेतलीस, तीही माझ्याकडं बघत बघत.

पुढं हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, दंडावर निळे डाग पडले. कोणं मारलं म्हणून बाया विचारत. कापूस वेचायलाही बंदी होती, कारण सुकलेल्या बोंडाचं टोक बोटात घुसलं की रक्त लवकर थांबत नसे. बाया शेतात निघाल्या की तू दारात बसून राहायचीस. एकदा चोरून गेलीसच. परतलीस तेव्हा हात पदरात गुंडाळलेले आणि पदर लाल. मला रडू फुटलं, तर उलट माझ्यावरच ओरडलीस, "जित्या माणसाले घरात कोंडून ठेवता, अन् म्हणता जीव वाचवला!"

मग ठरलेले महिने पुरे झाले, तशी डॉक्टरांनी गोळी बंद केली. बसमध्ये दारव्हा मागं पडल्यावर हळूच विचारलंस, "काहून बंद केली? बरी झाली म्हून, का आस सोडली म्हून?" मी शपथा घेतल्या, तुला पटल्या नाहीत. पुढच्या हंगामात मात्र तू पुन्हा वेचायला गेलीस, नंतरही कितीतरी वर्षं जात राहिलीस, आणि शेवटी म्हातारपणानं गेलीस.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. माझी लेकरं माझ्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतात. बरं वाटायला पाहिजे. पण तुझ्याइतकं निरखून माझ्याकडं आता कोणी पाहत नाही, माय, आणि त्याचं मला वाईट वाटतं.