हलणारा ऑल्टर

वेळणेश्वर, मंगळवार

माझ्या डेल्रॉय,

तुला वाटतं, मी चारकोपला घरात बसलेय. अरे, मी समुद्राला लागून उभी आहे, तुझ्या डॅडींच्या टेम्पोत! बेड, शेगडी, पाण्याची टाकी, सगळं त्यांनी हाताने बसवलं होतं. निघायचं तेवढं राहून गेलं. ते गेले, आणि चर्चमधल्या त्यांच्या वर्षाच्या मिस्सानंतर मीच चावी उचलली. एकसष्टाव्या वर्षी घाट चढवलाय मी, मागे एसटीचे हॉर्न! झकास!

रविवारी तू कॅनडाहून व्हिडिओ कॉलवर माझ्याबरोबर रोझरी म्हणतोस, म्हणून घरचा ऑल्टर, क्रूस-मेणबत्त्यांसकट, आणि मागचा पडदा मी गाडीतच लावलाय. परवा वाऱ्याने गाडी डुलली. तू मध्येच ओरडलास, "मम्मी, ऑल्टर हलतोय! भूकंप?"

मी म्हटलं, "मेट्रोचं काम रे."

"अजून?" म्हणालास आणि पुढची प्रार्थना सुरू केलीस.

रोझरीत खोटं बोलले मी. हे त्याचं कन्फेशन, पण पाठवत नाही. येत्या रविवारी शेवटच्या आमेननंतर पडदाच ओढणार आहे. मागे अख्खा समुद्र असेल, आणि तो काही मेट्रोच्या नावावर खपणार नाही.

घरात नसलेली,
तुझी मम्मी ब्रिजेट