दिव्याची अट

जळगाव, ८ मे २०२५

ती. रुपचंदमामांस,
भूमिकाचा सा. न. वि. वि.

पत्र घरचं आहे, विषय आमच्या सरीसृपपालक मंडळाचा. आमचे साठ सभासद मंडळाच्या यादीतल्या दुकानांतूनच खरेदी करतात आणि यादीत धुळ्याचं एकच दुकान आहे, तुमचं. फेब्रुवारीत मी ते पाहिलं, अटी लिहून दिल्या, तुम्ही सही केलीत. चौथी अट: दाढीवाल्या सरड्यांच्या पेटीत उष्णतेचा दिवा रोज दहा तास चालू हवा.

मंगळवारी आमचा सभासद हितेंद्र दुकानात आला होता. दिवे बंद, पेट्यांवर ओली गोणपाटं. तुम्ही मामा आहात म्हणून मला जास्तच काटेकोर राहावं लागतं. अठरा तारखेच्या बैठकीत तुमचं नाव काढण्याचा विषय आहे. त्याआधी लेखी खुलासा पाठवा.

मामीची पाठ कशी आहे? रागावलात तरी माया कमी करू नये.

आपली भाची,
भूमिका

धुळे, ११ मे

चि. भूमिकास अनेक आशीर्वाद.

मॅडम, नोटीस मिळाली. तुझ्या मामीलाही वाचून दाखवली. ती म्हणाली, पोर हुशार शे, पन धुयाना उन्हाया तिले माहीत नही.

दोन तारखेला दुपारी दिवा चालू होता आणि दोन्ही सरडे तोंड उघडून कोपऱ्यात पडले होते. त्यातल्या धाकट्याची तर मान लोंबली होती. तू दिलेला तापमापक गार कोपऱ्यातही त्रेचाळीस दाखवत होता. दुकानावर पत्रे, बाहेर झळा. अट पुढेही पाळली असती तर सरडे गेले असते. आता दिवा सकाळी सात ते नऊ, मग गोणपाटं. दर तासाच्या नोंदी सोबत आहेत.

रानातून धरलेली कासवं विकायला आणणाऱ्यांना मी दोन वर्षं दारातूनच परत पाठवतो. गल्ली मला वेडा म्हणते. गल्लीला दाखवायला माझ्याकडे तुमच्या यादीतलं नाव तेवढं आहे. काढायचं तर काढ. पण सरडे जिवंत आहेत, हेही लिही.

डबा वेळेवर खात जा. आशीर्वाद आहेतच.

तुझा मामा,
रुपचंद

जळगाव, १९ मे

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या नोंदी मी तशाच मान्य केल्या नाहीत. घरी रिकाम्या पेटीत दिवा लावून पाहिला. दुपारी दोनला गार टोक सेहेचाळीस.

चौथी अट मी थंड देशातल्या पुस्तकातून उतरवली होती आणि तुमचं दुकान पाहिलं होतं फेब्रुवारीत, सकाळी नऊला. दीपनगरच्या वीजकेंद्रात नोकरीवर मी रोज तापमापकच तपासते. तरी चूक माझीच, बैठकीत तसंच सांगितलं. हितेंद्र म्हणाला, म्हणजे ताई, आम्ही सरडे पाळतोय की भाजतोय? तिघांनी तिथूनच घरी फोन करून दिवे बंद करायला सांगितले.

तुमचं नाव राहिलं, अट गेली. मंडळाच्या पुस्तिकेतलं उन्हाळ्याचं पान तुम्ही लिहावं, असं ठरलं आहे. नकार देऊ नका.

माफ करा, मामा. हे मंडळातर्फे नाही.

आपली,
भूमिका

धुळे, २३ मे

चि. भूमिकास आशीर्वाद.

पान लिहिलं. अक्षर वाईट आहे, आकडे बरोबर आहेत. गल्लीत दोघांना वाचूनही दाखवलं.

आता अट माझी. मंडळाने दुकान पुन्हा तपासायचं, ते मे सरायच्या आत, शनिवारी एकतीस तारखेला, दुपारी ठीक दोनला. सगळ्यांनी यायचं. मामी म्हणते, ताक भरपूर करून ठेवते, पण ओली गोणपाटं फक्त सरड्यांना.

वाट पाहतो.

तुझा मामा,
रुपचंद