पुलापलीकडची बहीण

हॅनकॉक, उत्तर मिशिगन
दि. ९ सप्टेंबर १९८६

चि. हेल्मी हिस,
अ. आ. वि. वि.

तुझं सहा पानी पत्र पोचलं. छपराची गळती, शेजाऱ्यांचा भुंकणारा कुत्रा, न भुंकणारा कुत्रा, आणि तुझ्याशिवाय कुणालाच न येणारा गॅसचा वास, सगळं सावकाश वाचलं. एवढ्या चिंता पाठवल्यास, तर मीही एक उलट पाठवते. माझ्या हृदयाची एक झडप कामातून गेली आहे. १४ ऑक्टोबरला छाती उघडून ती बदलणार आहेत. डॉक्टर इतका कोवळा आहे की माझ्या शाळेत असता तर मी त्याला पहिल्या बाकावर बसवला असता.

त्याने विचारलं, नंतरचे सहा आठवडे घरी कोण असेल. मी म्हटलं, एक धाकटी बहीण आहे, पण ती सामुद्रधुनीच्या पुलापलीकडे राहते. तो म्हणाला, मग काय अडचण, पूल आहे ना. बिचाऱ्याला तू माहीत नाहीस.

हेल्मी, अकरा वर्षं झाली. शेवटचं पुलावरून आलात तेव्हा तुझा वॉल्टर गाडी चालवत होता, वारा सुटला होता, आणि मधल्या लेनच्या लोखंडी जाळीतून तुला खालचं पाणी दिसलं. पुढच्या हिवाळ्यात वॉल्टर गेला, तो आपल्या अंथरुणात, झोपेत. त्यात पुलाचा काडीचा दोष नव्हता, पण तू अंथरुणावर झोपत राहिलीस आणि पुलाशी मात्र वैर धरलंस. तेव्हापासून दर वेळी मीच खाली तुझ्याकडे येते. आता मला येता येणार नाही.

घाबरणाऱ्यांची गाडी पुलावरची माणसं स्वतः चालवून पलीकडे नेऊन देतात. धिप्पाड ट्रकवालेसुद्धा मागे आडवे पडून जातात म्हणे. तर ये. नाहीतर शेजारच्या लाहतीबाई येतील आणि सहा आठवडे मला जेलीत घातलेलं गाजर खावं लागेल.

कुत्र्यांचं म्हणशील तर आमचा मुस्ती ठीक आहे, कालच एक बूट खाल्ला. कळावे, माया आहे तेवढी असू दे, चिंता कमी कर.

तुझी,
ऐली

---

कॅडिलॅक
दि. १५ सप्टेंबर १९८६

ती. ऐलीताईस,
प्रभूच्या नावाने सलाम वि. वि.

तुझं पत्र उभ्यानेच वाचलं आणि मग बसावं लागलं. एवढी मोठी गोष्ट तू कुत्र्यांच्या खालोखाल कशी काय लिहितेस, ताई? त्या डॉक्टरने याआधी किती झडपा बदलल्या ते विचारलंस का? आणि त्या माणसांपैकी आज किती हयात आहेत, तेही विचार.

तू हसशील, पण सांगते. आमचे पाळक लिंडक्विस्ट यांनी मला एक उपाय शिकवला आहे. एकेक चिंता चिठ्ठीवर लिहायची, कॉफीच्या रिकाम्या डब्यात टाकायची, झाकण लावायचं. मग ती चिंता आपली नाही, देवाची. मला फार बरं वाटतं. फक्त दर शनिवारी मी डबा उघडून पाहते, कुठली सुटली आणि कुठली राहिली. पाळक म्हणतात उघडायचा नसतो. पण मग कळायचं कसं?

तुझं नाव कालच प्रार्थनेच्या साखळीत घातलं. ग्रेटाबाईंना फोन केला, त्या मार्थाबाईंना करतील, असं करत बारा घरी. रोज बाराही जणी तुझ्यासाठी प्रार्थना करतील. एरवी साखळीत माझा नंबर शेवटचा असतो. पाळकांच्या मते माझ्यापुढे बातमी जाऊ नये हेच बरं.

पुलाचं म्हणशील तर, गाडीच्या काचेखाली मी बायबलच्या वचनांची तीन कार्डं चिकटवली आहेत. पण येतेच असं लिहायला हात धजत नाही, आणि येत नाही असं लिहायलाही नाही. रागावू नकोस. आईच्या पद्धतीचा वेलदोड्याचा पाव वेगळ्या पार्सलने पाठवला आहे. मीठ तुला चालतं का ते माहीत नसल्याने घातलंच नाही.

कळावे, जीव लावलास तसाच लाव.

तुझी,
हेल्मी

---

हॅनकॉक
दि. २४ सप्टेंबर १९८६

चि. हेल्मी हिस,
अ. आ. वि. वि.

पाव मिळाला. मीठ आहे की नाही ते मुस्तीला विचारून कळवते.

काल आणखी एक टपाल आलं. काळ्या कडेचं कार्ड, पत्ता ‘कै. ऐली कोस्केला यांचे कुटुंबीय’. इथलं सगळं कुटुंब मीच असल्याने फोडून वाचलं. तुमच्या साखळीतल्या कुणी इर्माबाई आहेत, अकराव्या. त्यांनी लिहिलंय की दिवंगत भगिनी अत्यंत सोशीक होत्या आणि आता त्या वेदनेपलीकडे गेल्या. हस्ताक्षर सुरेख आहे. मी सोशीक होते हे वाचून लाहतीबाई हसत खुर्चीवर बसल्या.

म्हणजे ग्रेटाबाईंनी सांगितलं झडप, मार्थाबाईंनी खबरदारी म्हणून झटका केला, पुढचीने बेशुद्ध पाडलं आणि अकराव्या घरी मी पुरले गेले. तुमच्याकडे प्रार्थना पुढे सरकत नाही हेल्मी, भीती सरकते.

आणि आता जे लिहिते ते हसण्यावारी नेऊ नकोस. देवावर सगळं टाकलं म्हणतेस आणि शनिवारी डबा उघडून सगळं परत घेतेस. तुमच्या चर्चमधल्या कुणी तुला भांडं भेट दिलं आणि दर शनिवारी येऊन ते परत नेलं, तर तिला काय म्हणशील? रोज गुडघे टेकतेस, पण पाच मैलांच्या लोखंडावर गाडीत नुसतं बसून राहण्याइतकाही विश्वास नाही. मग तो काय फक्त रविवारच्या कॉफीसाठी आहे का? मी देवळात कॉफीबरोबरच्या पावासाठी जाते, असं कबूल तरी करते. तुला तुझी भीती माझ्यापेक्षा जवळची असेल तर तिच्याजवळच राहा. लाहतीबाईंना मी हो म्हणून टाकलंय.

कळावे.

ऐली

---

कॅडिलॅक
दि. ५ ऑक्टोबर १९८६

ती. ऐलीताईस,
सलाम वि. वि.

तुझं पत्र मी आठवडाभर उत्तर न देता ठेवलं, कारण त्यातलं बरंचसं खरं होतं आणि खरं असूनही राग आला.

ताई, अकरा वर्षं मी देवाकडे एकच मागते आहे, ही भीती काढून घे. त्याने काढली नाही. तुला वाटतं मी मागायला विसरले, की मला भीती आवडते? मंगळवारी मी कुणाला न सांगता पुलापर्यंत गेले. टेकडीवरून त्याचे दोन्ही मनोरे दिसले आणि मी गाडी कडेला घेतली. तासभर गाडीत बसले, तिन्ही कार्डं वाचली, आणि परत फिरले. परतताना दोन तास रडत होते. हे तुला कळवणार नव्हते.

मग गुरुवारी फोन वाजला. इर्माबाई. साखळीतली नवी विनंती मला सांगायची होती, बारावी म्हणून. म्हणाल्या, बाई, बसून घे. सामुद्रधुनीवरचा पूल कोसळलाय, आपल्या मंडळीतली एक भगिनी गाडीसकट पाण्यात गेली आहे, तिच्या आत्म्यासाठी आणि उत्तरेकडच्या तिच्या आजारी बहिणीसाठी प्रार्थना करायची आहे. मी विचारलं, भगिनीचं नाव काय. इर्माबाई म्हणाल्या, “अगं हेल्मी, तूच की. पण तू फोन कसा उचललास?”

मी हातात बटाटा घेऊन उभी होते. ज्या गोष्टीला अकरा वर्षं घाबरले ती होऊन गेली होती, मी बुडाले होते, आणि बटाटे अजून सोलायचे होते. मला हसू आवरेना. वॉल्टर गेल्यापासून इतकी हसले नव्हते. सकाळपर्यंत दारात माझ्याच दुखवट्याचं जेवण आलं, भट्टीत भाजलेली पाच कॅसरोल. मीच आत घेतली.

मग साखळी उलटी तपासली. ग्रेटाबाई म्हणाल्या, विनंती पाळकांकडून आली. पाळक म्हणाले, उत्तरेकडून एका बाईंचा फोन होता, नाव सांगितलं नाही, पण बोलणं असं की मी शाळेत उशिरा आल्यासारखा उभा राहिलो. त्या बाईंनी सांगितलं म्हणे, की माझी बहीण पुलाला भिते, मी तिला नको ते लिहून बसले आहे, तुमचे बाराच्या बारा फोन तिच्यासाठी लावा, आणि मी सांगितलं असं सांगू नका. ताई, तू. साखळीत.

लाहतीबाईंना नको म्हणून सांग. मी शुक्रवारी निघते आहे. भीती गेलेली नाही, तिला सोबत घेऊन येते, गाडीत जागा आहे.

कळावे, आपली ओढ अशीच राहो.

तुझी (बुडालेली),
हेल्मी

---

पुलाचं उत्तर टोक
शुक्रवार, १० ऑक्टोबर

ती. ऐलीताईस,

हे कार्ड माझ्यामागून इस्पितळात पोचेल हे ठाऊक आहे. पण त्यावर उत्तर बाजूचा शिक्का हवा होता, नाहीतर तू म्हणशील मी विमानाने आले.

गाडी पुलावरच्या माणसाने चालवली. त्याला मी आधीच सांगितलं की बोलू नका. तो बोललाच. जाळीची लेन घेऊ नका म्हटलं, तर डांबरी लेनचं काम चालू होतं. टायर सगळा वेळ गुणगुणत होते, मी मागे आडवी होते आणि नाकाला तुझ्यासाठी आणलेल्या कॅसरोलचा वास येत होता. मधोमध पोचल्यावर डोळे उघडले. पाणी आहे तिथेच आहे. मला खूप भीती वाटली आणि आम्ही पलीकडे आलो.

हेल्मी

---

इस्पितळ
सोमवार, १३ ऑक्टोबर

चि. हेल्मी हिस,
अ. आ. वि. वि.

हे पत्र परिचारिकेपाशी ठेवते आहे. उद्या मुस्तीला जेवू घालून तू इथे पोचशील तेव्हा मी आत असेन. शुक्रवारी तू दारात उभी राहिलीस, कोट चुरगळलेला, कपाळावर सीटच्या शिवणीचा वळ, तेव्हा मी पहिलं काय म्हणाले, तर उशीर केलास. दुसरं काही म्हणाले असते तर रडले असते, आणि त्या कोवळ्या डॉक्टरसमोर ते नको होतं.

तुझी चेष्टा मी साठएक वर्षं केली, पण घाबरणं आतून कसं असतं ते कधी विचारलं नाही. मला वाटायचं मी धीट आहे. आज कळलं, माझ्यासमोर आजवर पूल आला नव्हता. तुझ्या त्या पाळकांना सकाळी पुन्हा फोन केला, आणि या वेळी नाव सांगितलं. उद्या दुपारपर्यंत साखळीत माझं काय होईल ते देव जाणे, पण इर्माबाईंना सांग, कार्ड टाकण्याआधी तुला विचारून घ्या.

एक चिठ्ठीसुद्धा लिहिली आहे. डबा नव्हता म्हणून कवळी ठेवायच्या कपात घातली आणि झाकण लावलं. कप या पत्रासोबत आहे. शुद्धीवर आल्यावर मी तो मागेन, ओरडेन, तुला नको नको ते बोलेन. देऊ नकोस.

लोभ आहेच. तो सांभाळ, आणि कपही.

तुझी,
ऐली