प्रितमच्या गाडीचा वाल

रविवार, ९ नोव्हेंबर

वाट लागली! प्रितमच्या गाडीची वाट लागली आणि ती मी लावली.

इंजिनातून महिनाभर कट-कट येत होती. टायमिंग चेन सैल झालीय, प्रितम म्हणाला. पुढच्या रविवारी पोरगा त्याच गाडीवरून कोल्हापूरला निघणार. एकटा, हायवेने, घाट ओलांडून! सोमवारी सतराला सोलर पंपाच्या कंपनीत हजर व्हायचंय. गावोगाव फिरून पंप दुरुस्त करायचे, आणि स्वतःची दुचाकी असेल तरच घेतात, असं पत्रातच लिहिलंय.

तर चेन बदलायची होती. मीच म्हटलं, "तू मित्रांना भेटून ये, मी बसवते." एकवीस वर्षं साकीनाक्याच्या युनिटात शिलाई मशिनी लावतेय. सुई-शटलचं टायमिंग मी झोपेत जुळवीन. चेनचं काय एवढं!

व्हिडिओ बघत बघत बसवली. खूण चुकली, चेन तीन-चार दात पुढे बसली. किक मारली तर अडकली. पुन्हा मारली — आत कटकन आवाज. चेन काढून नीट लावली, तर आता किक नुसती खाली जाते. दमच नाही इंजिनात.

चूक झाली. होते माणसाकडून.

प्रितम आला, दोनदा किक दाबून बघितली. म्हणाला, "वाल वाकला, आई." इंजिनातला व्हॉल्व्ह. बस्स, एवढंच. ओरडला असता तर बरं झालं असतं.

सोमवार, १० नोव्हेंबर

घाटकोपरमधली तीन गॅरेजं फिरला. एकाचा मिस्त्री गावाला, बाकीचे म्हणतात दहा दिवस लागतील. दहा दिवस! हातात सहा आहेत.

रात्री जेवला नाही. मोबाइलवर काहीतरी टाइप करत होता, मी मागून वाचलं. "सर, काही कारणाने मला रुजू होता येणार नाही." पाठवला नव्हता. लिहायचा, पुसायचा, परत लिहायचा. जुनी नोकरी सोडून बसलाय. बारावीनंतर पहिल्यांदा याचं काहीतरी मनासारखं झालं होतं.

अंबादास भांडी पुसता पुसता म्हणतात कसे — "बरंच झालं की! आठवडाभर पदराने डोळे पुसत होतीस, आता राहील पोरगा घरात." असा राग आला! म्हटलं, तुम्हाला बायको कळलीच नाही. ते आपले ताट पुसत राहिले. हा माणूस पंचवीस वर्षं हॉस्पिटलात केसपेपर काढतोय, कुठे काय दुखतं ते बरोबर बोलतो मेला.

प्रितमला सांगितलं, मेसेज पाठवू नकोस. वाल मी बदलते. "तू?" म्हणाला. मी! का, वाकवता येतो तर बदलता येणार नाही?

मंगळवार, ११ नोव्हेंबर

सकाळी युनिटात नवी पोरगी, तेजल, मशीन अडकलं तरी चाक जोरात फिरवत होती. मी ओरडले, "अडकलं की हात काढायचा! जोर लावायचा नाही! किती वेळा सांगू?" सगळ्या पोरी बघायला लागल्या. मग मीच उठून पाणी प्यायला गेले.

दुपारी सुट्टी टाकली. हेड, म्हणजे इंजिनाचा वाल बसतो तो वरचा भाग, कालच प्रितमने आणि मी खोललं होतं, ते पिशवीत घालून सीताराम मेस्त्रींकडे नेलं. युनिटाच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान, फक्त इंजिनाची हेडं करतात. दारात हेडांचा ढीग, मान वर करायला फुरसत नाही. शिकंज्याने स्प्रिंग दाबली, दोन इवलेसे लॉक काढले आणि वाल बाहेर. खिळ्यासारखा, खाली बशी. उजेडात धरून फिरवला. बशी डुगडुगत होती.

"एका किकेत असो वाकणा नाय, बाय. कोणीतरी चार-पाच लाथो घातलेल्यो दिसतत."

मी म्हटलं, पोरांच्या हातातली गाडी, काय सांगायचं. ते हसले. मी हसले नाही. माझ्या लेकराचं नाव घेतलं मी!

नवा वाल दिला, घासायची पेस्ट दिली, शिकंजा दोन दिवसांसाठी दिला. कसं करायचं ते एकदाच दाखवलं. "बशी नि तिची बैठक एकमेकांवर घासून घासून बसवची. पेट्रोल ओतून बघ. थेंब गळलो तर परत घास."

बुधवार, १२ नोव्हेंबर

घासतेय. तळहाताला फोड आलेत. प्रितम बाजूला बसून बॅग भरतो, काढतो, परत भरतो.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

गळलं. पेट्रोल ओतलं, दहा मोजले, तोवर बशीच्या कडेने ओल. पुसून परत घासलं, परत गळलं. तिसऱ्यांदाही तेच. प्रितमने बघितलं आणि आत गेला. 

चौथ्यांदा वाल बसवताना शिकंजा सटकला. टिक! एक लॉक उडाला. साबुदाण्याएवढा तुकडा, गॅलरीत कुंड्या, चपला, रद्दी. तो नसेल तर वाल खाली पडेल आणि चालत्या गाडीत इंजिन फुटेल. रडायलाच आलं मला. खरंच रडले, पेस्टचे हात डोळ्याला लावून.

मग सुचलं. धावत युनिटात गेले, सुईचं लोहचुंबक आणलं. आमच्याकडे नियम आहे — सुई तुटली की मशीन बंद. सगळे तुकडे शोधायचे, वहीत चिकटवायचे, पुढे कारण लिहायचं. लहान मुलांचे कपडे असतात, तुकडा आत राहिला तर? पोरी कारणात लिहितात, "आपोआप तुटली." मी पान फाडून परत लिहायला लावते. आपोआप काही तुटत नाही!

गॅलरीभर चुंबक फिरवलं. तुळशीकुंडीच्या मागून आला, चुंबकाला चिकटून. शेजारच्या द्रौपदीताई कठड्यावरून म्हणतात, "काय हरवलं गं माणिक, नथ?" म्हटलं, नथेपेक्षा महाग.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

नाही गळलं!! पेट्रोल ओतून डाळ शिजेपर्यंत ठेवलं. बशी कोरडी ठणठणीत. प्रितमने बोट फिरवलं, वास घेतला, माझ्याकडे बघितलं. "भारी, आई."

नवी गॅस्केट टाकून इंजिनावर हेड चढवलं. बोल्ट थोडे थोडे, कोपरा सोडून कोपरा आवळले.

शनिवार, १५ नोव्हेंबर

 चाकावरची खूण खुणेला, गिअरची खूण खुणेला. तीनदा बघितली, प्रितमला दाखवली, चष्मा पुसून परत बघितली. मग किक नाही मारली — पान्याने हातानेच दोन फेरे फिरवले, हळू. कुठे अडतंय का, कान लावून. नाही अडलं.

"मार आता," प्रितम म्हणाला. मी नाही म्हटलं. गाडी तुझी, तू मार.

पहिल्या किकेला काही नाही. दुसऱ्याला नाही.  तिसऱ्याला धडधडली! धूर, आवाज, खालच्या मजल्यावरचे लोक बाहेर. प्रितमने मला उचललं, भर चाळीत! अंबादास म्हणाले, "बॉबिन भरली वाटतं, चालू झालं तुझं मशीन." आता हसायला आलं.

कट-कट गेली. इंजिन इतकं गप चालतं की मला परत भीती वाटायला लागली. आता हा उद्या नक्की जाणार.

रविवार, १६ नोव्हेंबर

पहाटे पाचला निघाला. हेल्मेटमधून काहीतरी बोलला, कळलं नाही. वळणावर लाल दिवा दिसला, मग नाही.

दिवसभर फोन हातात. डब्यात घालायच्या चार चपात्या ओट्यावरच राहिल्या, त्या बघवेनात. पुण्यापुढे एक मेसेज: "चहा पितोय." मग सहा तास काही नाही. मी घाटातले सगळे अपघात मनातल्या मनात करून घेतले.

साडेचारला फोन. "आई, पोचलो! खंबाटकी घाटात गाडी एकदासुद्धा दमली नाही. इथे रूमवर सगळ्यांना सांगितलं, इंजिन माझ्या आईने बांधलंय. कोणी विश्वास ठेवेना!" आणि मग हळू आवाजात — "चूक झाली म्हणून मनाला लावून घेऊ नकोस हां. तुझ्यामुळेच आलो मी."

फोन ठेवला. चपात्या खाल्ल्या, उभ्यानेच.

सोमवार, १७ नोव्हेंबर

युनिटात गेल्या गेल्या सुयांची वही उघडली. तिथे लिहिण्याची हिंमत नाही झाली. इथे लिहिते.

तुकडा: वाल, एक, वाकलेला.
मशीन: प्रितमची गाडी.
कारण: किक पहिल्यांदा अडकली तेव्हाच मला कळलं होतं. तरी अजून चारदा मारली. पोरगा जाऊ नये म्हणून.