देवघरातला रोमन राजा

बाबा, तुमचं ते चांदीचं नाणं परवा मी फ्रँकफुर्टला एका जुन्या नाण्यांच्या दुकानात नेलं. विकायला नाही हो, खरं-खोटं करायला. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली तरी माझा संशय काही जात नाही. काय करणार, आईवर गेलेय.

जर्मनीतलं ट्रेनिंग संपवून तुम्ही परतलात तो दिवस मला लख्ख आठवतो. आई पोळ्या लाटतेय. तुम्ही रुमालातून नाणं काढता आणि म्हणता, "रोमन आहे. निघताना घरमालकिणीने दिलं." आईचं लाटणं थांबत नाही. "कोण बाई परक्या भाडेकरूला चांदी देते हो?" तिचं नाव काय, वय काय, विचारलं की तुम्ही पेपर उघडायचात. नाणं मात्र थेट देवघरात, पूर्वजांच्या टाकांशेजारी नेऊन ठेवलंत. "हा राजा मेल्यावर त्याला देव केला. म्हणजे टाकच की हा!" तेव्हापासून दर दसऱ्याला आई सगळे टाक चिंचेने घासायची, आणि त्या राजाला जरा जास्तच. घासताना पुटपुटायची, "कोण होती कोण जाणे."

दुकानदाराने भिंग लावलं, "आल्झो..." म्हणजे 'तर मग...' असं जर्मनमध्ये म्हणाला, आणि कपाळाला हात लावला. नाणं अस्सल आहे, पण एवढं घासलं कुणी? राजाचं नाक गेलंय, मागच्या बाजूची वेदी जेमतेम दिसतेय. मग समजावू लागला, की एका नव्या सम्राटाने आधीच्या, देव झालेल्या सम्राटांची अशी नाणी पाडली, त्यांच्या पुण्याईवर स्वतःची गादी पक्की करायला. घ्या, म्हणजे तिथेही भानगड होतीच! तेवढ्यात त्याने विचारलं, "तुमच्याकडे कसं आलं?"

"घरमालकिणीने माझ्या वडिलांना दिलं."

"काही कागद? तिचं नाव?"

तो माझ्याकडे अगदी आईसारखा बघत होता, बाबा, आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली. हा कोण टिकोजीराव माझ्या वडिलांवर संशय घेणारा? आम्ही घरचे घेऊ, नाहीतर नाही घेऊ. नाणं मी त्याच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतलं. घरी परतताना, माझं एश्बॉर्न स्टेशन येईपर्यंत लोकलमध्ये मूठ सोडली नाही. आता ते इथल्या, माझ्या जर्मनीतल्या देवघरात आहे, आणि हे लिहिलेलं त्याच्याखाली ठेवणार आहे.

त्या बाईवर माझा अजूनही विश्वास नाही. पण निघताना मी त्या दुकानदाराला ठणकावून सांगितलं, की नाणं देताना ती म्हातारी ढसाढसा रडली होती. रडली, असं तुम्ही कधी म्हणाला नव्हतात, बाबा. म्हातारी होती, असंही नाही.