पाचव्या अध्यायातली उरलेली वचनं

अहो याकोबराव,

बघा, घेतलं नाव. उभ्या जन्मात 'अहो' आणि 'डॅनियलचे बाबा' यापलीकडे गेले नाही, पण पत्रावर नुसतं 'अहो' लिहिलं तर चाळीतले निम्मे पुरुष ओ देतील. रागावणार असाल तर रागवा. तसेही रोज ठोकताच आहात.

त्याचसाठी लिहितेय. तोंडानं बोलले असते, पण खुर्चीशी बोलताना शेजारच्या भागीरथीनं एकदा पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी नळावर सगळ्या बाया माझ्याकडं हळहळून बघायला लागल्या. मला कुणी हळहळलेलं खपत नाही. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय आहेत. मिशनच्या शाळेत दुसरीपर्यंत गेलेल्या बाईचं आणखी कसं असणार? तुम्हाला आता अंधारातही वाचता येत असेल.

आधी हे सांगा, तुम्ही अजून इथं काय करताय?

तुम्ही चर्चच्या मंडळीतले पंच! आठवडाभर गिरणीत साचे, रविवारी शास्त्र. 'मेलेला माणूस ख्रिस्तात निजतो, शेवटच्या दिवसापर्यंत उठत नाही,' म्हणून भागीरथीच्या नवऱ्याशी जिन्यात भांडायचात. मग? निजलेल्या माणसानं घोरावं. ठोकावं कशाला?

दिवे लागले की सुरू होतं. खिडकीजवळच्या तुमच्या वेताच्या खुर्चीच्या डाव्या हातावर. टक, टक, टक. लाकडावर बोटाचं नख वाजतं तसं. आधी वाटलं घूस. खुर्ची उलटी केली, झटकली, भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध ठेवली. मधोमध वाजायला लागलं. एकदा बैठकीवर हात ठेवून पाहिला. वेत कोमट होता. कुणी नुकतंच उठून गेल्यासारखा... नाही, खोटं कशाला लिहू? कुणी उठलंच नसल्यासारखा.

ते बोट मी ओळखते हो. अर्धांगाच्या दुसऱ्या झटक्यानं तुमची वाचा नेली, उजवं अंग नेलं. डाव्या हाताचं ते एक बोट तेवढं ठेवलं. एकदा वाजवलं की हो, दोनदा वाजवलं की नाही. आयुष्यभर एवढं थोडक्यात बोलला असतात तर संसार किती सुखाचा झाला असता!

पण जे बोलायचं ते तुम्ही आधीच बोलून ठेवलं होतं. पहिला झटका हलका होता. तेव्हा इस्पितळात शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याच्या नाकात रबरी नळी होती, त्यातून पेज ओतायचे. घरी आल्यावर म्हणालात, "सगुणे, मला तसलं काही घालू देऊ नकोस. प्रभूनं बोलावल्यावर माणसाला मागून ओढून धरायचं नसतं. ही माझी आज्ञा समज."

आज्ञा! मरायच्या गोष्टीतसुद्धा 'माझं एवढं ऐक' म्हणायला जीभ वळली नाही तुमची.

मग गिळणं बंद झालं आणि डॅनियल माटुंग्याहून टॅक्सी घेऊन आला. "आई, बाबांना उचलायचंय. नळी घातली तर महिना-दोन महिने निघतील."

"त्यांनी नको म्हटलंय."

"ते आजारी माणसाचं बोलणं. खून करू नको ही आज्ञा आहे, आई. उपाशी ठेवणं म्हणजे काय वेगळं?"

मी तुमच्या कानाशी वाकले. विचारलं, नळी घालायची का? टक, टक. दोनदा. तीनदा विचारलं, तिन्ही वेळा दोनदा.

"ते बोट आपोआप हलतं," डॅनियल म्हणाला, "डॉक्टरांनी सांगितलंय. आणि बाबा बोलत नाहीत तर आता घरातला पुरुष मी आहे. तू माझं ऐक."

पाळकसाहेबांना बोलावलं. त्यांना म्हटलं, "साहेब, शास्त्र बाईला आज्ञेत राहायला सांगतं. नवरा म्हणतो नको, मुलगा म्हणतो हवी. आज्ञेत कुणाच्या राहू?" त्यांनी चष्मा पुसला. एका बाजूनं म्हणाले, जीवन देवाचं दान आहे. दुसऱ्या बाजूनं म्हणाले, मरणाचीही वेळ त्यानंच ठरवलीय. मग म्हणाले, "प्रार्थना करा, बाई."

"प्रार्थना करतेच आहे," म्हटलं, "पण टॅक्सी खाली उभी आहे."

शेवटी मी दारात आडवी उभी राहिले. तुमच्या शब्दासाठी. पोटच्या पोराला म्हटलं, "जा. टॅक्सीवाल्याला सोड." त्यानं माझ्याकडं जे पाहिलं ना, ते तुम्ही पाहिलं नाही. तुमचं तोंड भिंतीकडं होतं. बरं जमायचं तुम्हाला, नेमक्या वेळी भिंतीकडं तोंड करणं!

पण तुम्ही ठोकताय ते त्यापायी नाही. निदान मी तसं धरून चाललेय.

आपल्या घरचा नियम कुणी केला? तुम्ही. संध्याकाळच्या प्रार्थनेला बसलं की अध्याय संपल्याशिवाय उठायचं नाही. दूध उतू जाऊन चूल विझली तरी मी उठले नाही. डॅनियलनं लहानपणी बसल्या जागी चड्डी ओली केली, पण उठला नाही. एकच अध्याय तुम्ही कधी पुरा केला नाहीत. बायबलातल्या पौलाच्या त्या पत्रातला पाचवा. भाजी खारट झाली की पाचवा. मी नगरला माहेरी जायचं नाव काढलं की पाचवा. बायकोनं सगळ्या गोष्टींत नवऱ्याच्या अधीन असावं, तिथपर्यंत वाचायचं, पुस्तक थाप मारून मिटायचं, 'आमेन' म्हणायचं आणि माझ्याकडं बघायचं.

तुम्हाला काय वाटलं, मला माहीत नव्हतं? अहो, लग्नं काय कमी पाहिली मी? मागच्या बाकावर पोरं सांभाळत का होईना, पाळक पुढचं वाचायचे ते कानावर पडायचंच. नवऱ्यानं बायकोवर प्रीती करावी, ख्रिस्तानं मंडळीसाठी जीव दिला तशी. पण पाळकाचा आवाज सगळ्या जगासाठी असतो. मला ते आपल्या खोलीत, तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. एकदा. सणासुदीला तरी!

वाचा गेल्यावर वाचायचं माझ्याकडं आलं. मी अक्षरं लावून लावून वाचायची. जोडाक्षराला अडखळले की तुमचं बोट सुरू, टकटकटक, चल पुढं, चल पुढं. कामगारांना हाकणारा गिरणीतला जॉबर अंगातून काय जातो?

शेवटची संध्याकाळ आठवते ना? बाहेर कर्फ्यू. लालबागच्या नाक्याकडून 'झालाच पाहिजे'चा आवाज यायचा, मग धावपळ, मग एकदम सगळं चिडीचूप. डॅनियल माटुंग्यात अडकलेला. खोलीत तुम्ही आणि मी. पुस्तक उघडलं आणि विचारलं, कितवा वाचू? पहिला? दुसरा? बोट गप्प. पाचव्याला वाजलं. एकदाच.

मनात म्हटलं, जाता जाताही हाच? बरं. वाचला. जिथं तुम्ही मिटायचात तिथं आले, थाप मारली, पुस्तक मिटलं, आमेन म्हटलं. तुमचीच रीत! आज्ञेतली बायको ना मी?

आणि तुम्ही वाजवायला लागलात. एकदा नाही, दोनदा नाही. सारखं. मी म्हटलं, "काय आता? इतकी वर्षं इथंच संपतोय की तो!" तरी वाजवत राहिलात. कंदिलाची काच काळी झाली होती, ती पुसायला मी उठले. आपल्या घरात अध्याय अर्धा टाकून उठलेली पहिली मीच. पाठमोरी असताना टकटक ऐकू येत होती. काच बसवून वळले तर थांबली होती.

मातीला डॅनियल आला, माझ्याशी बोलला नाही. मातीनंतरच्या पहिल्या संध्याकाळी दिवे लागले, आणि खुर्ची वाजली.

भागीरथी म्हणते, "सगुणाबाय, तुझो घो उपाशी गेलो गो. उपाशी गेलेलो माणूस घर सोडणा नाय. त्येका भाताचा पान मांड." पाळकसाहेब म्हणतात, "उंदीर असतील, बाई. विश्वासात राहा." आणि परवा डॅनियल बायकोला घेऊन आला. तुमची खुर्ची न्यायला. बसला तिच्यात. मी दिवा लावला, आणि तो ताडकन उठला. डावा हात छातीशी धरला, भाजल्यासारखा.

"आई, हे काय?"

"तुझे डॉक्टर काय म्हणाले होते? बोट आपोआप हलतं. आता बोट मातीत आहे. विचार त्यांना."

पांढराफटक पडला. मग म्हणाला, "त्यांना जगायचं होतं, आई. शेवटच्या घटकेला मन बदललं असेल. ते तेच सांगत होते. आणि तू..."  खुर्ची न घेताच गेला.

आता खरं लिहिते. पुस्तक तेव्हापासून मी उघडलेलं नाही. का, ते ऐका. उरलेली वचनं वाचली आणि तुम्ही गप्प झालात, तर तुम्ही अध्यायासाठीच ठोकत होतात, मी धरून चालले तेच खरं. पण वाचून झाल्यावरही वाजतच राहिलं तर? तर डॅनियल खरा. मग मी दारात आडवी उभी राहिले ती कुणासाठी? मला भुताची भीती नाही हो. उत्तराची आहे.

त्यात आपल्या सुनेची, मार्थाची गोष्ट. गरीब आहे पोरगी. परवा जिन्यात मागं राहिली आणि हळूच म्हणाली, "आई, हेही पाचवा अध्याय तिथंच मिटतात." ऐकलंत? तुमची खुर्ची न्यायच्या आधीच पोरानं तुमची थाप नेलीय!

आत्ताही वाजतंय. एक गंमत मघापासून बघतेय. पेन्सिल थांबली की टकटक. लिहायला लागले की गप्प. आत्ता मुद्दाम थांबून पाहिलं... हो, वाजलं. जोडाक्षराला अडखळल्यावर वाजायचं, अगदी तसंच. अंगावर काटा आला, पण हसूही आलं. मेल्यावरही घाई!

तर शब्द देते. रविवारी डॅनियल आणि मार्था जेवायला येतायत. दिवे लागले की तिघं तुमच्या खुर्चीसमोर बसणार. तुम्ही मिटायचात तिथवर मी वाचीन. तिथं पुस्तक डॅनियलच्या हातात देईन. पुढचं त्यानं वाचायचं, मार्थाच्या देखत, मोठ्यानं. तुमचा आवाज त्याच्याच घशात आहे, मी त्यावर भागवीन. अगदी शेवटचं वचन, बायकोनं नवऱ्याचा मान राखावा ते, माझं. तेही वाचीन. गिळणार नाही.

त्यानंतर जे ऐकू येईल ते तिघं मिळून ऐकू. गप्प झालात तर खुर्ची मार्थाला देणार, डॅनियलला नाही. गप्प झाला नाहीत तर खुर्ची इथंच राहील आणि मीही, रोज संध्याकाळी समोर बसून, तुम्हाला काय सांगायचंय ते कळेपर्यंत. पाठ फिरवून उठणार नाही.

रविवारपर्यंत बसा. अध्याय अजून संपलेला नाही.

तुमची,
सगुणा