तोफेच्या कडीतली चिंधी

सोमवार, संध्याकाळ

उद्या ऊसतोडीला निघायचं. पोरगी सासूबाईंपाशी राहणार. जाणारीनं परत यावं म्हणून आमच्याकडं जुन्या तोफेच्या मागच्या कडीत साडीची चिंधी बांधतात. मीबी बांधली.

तोफ बघायला शहरातून एक सर आलते. म्हणाले, “ही जहाजावरची. बार उडाला की मागं धावायची. या कडीतला दोर तिला धरून ठेवायचा.”

“मग समिंदर सोडून हिकडं कशापायी आली?” सासूबाईंनी विचारलं. सर कडीचा फोटो काढाय लागले.

तेव्हापासून डोळ्यांपुढं आमच्या कोरड्या माळावर निळं पाणी हलतंय. त्यात ती कडी. दोर तुटलाच असणार, न्हाईतर ही इथं कशी?

पोरीला घेऊन परत तोफेपाशी गेले. चिंधीला दुसरी गाठ तिच्या हातानं मारून घेतली.